पाच रुपयांचं कारण

आमच्या भूगोलाच्या सरांना एखादी गोष्ट का केलीत असं विचारलं, की ते लगेच कारण सांगत. दुसऱ्या दिवशी तेच विचारलं तर वेगळं कारण सांगत, आणि आठवड्यानं विचारलं तर आणखी तिसरंच. मग पहिलं खोटं होतं का, असं म्हटलं तर त्यांना मनापासून वाईट वाटे. खोटं कसं, तेही एक कारण आहेच की, असं म्हणून ते डोक्यावरची टोपी सारखी करत. अशा माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसून मी वह्या तपासल्या आणि तरी माझं डोकं ठिकाणावर राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

शाळा कर्जत तालुक्यातल्या एका बाजारगावात होती. मी नगरहून बी.एड. होऊन नुकतीच नोकरीला लागले होते, मराठी शिकवत होते आणि गावात कुणालाच ओळखत नव्हते. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एक उंच, किडकिडीत, काळी टोपी घातलेले गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमच्या पदराच्या नैऋत्येला खडू लागलाय." मी घाबरून सगळाच पदर झटकला. नैऋत्य नेमकी कुठली, हे मला आजही पटकन सांगता येत नाही.

डावं आणि उजवं हे शब्द सरांनी आयुष्यातून हद्दपार केले होते. माणूस वळला की डावं-उजवं बदलतं, दिशा काही बदलत नाहीत, हे त्यांचं त्या दिवशीचं कारण. चहाचा उत्तरेकडचा कप घ्या, छत्री आग्नेयेच्या कोपऱ्यात ठेवा, असं त्यांचं दिवसभर चाले. शाळेचा शिपाई बेरकी होता. तो मुद्दाम विचारी, "सर, आज घंटा कोन्च्या अंगानं वाजवू?" आणि सर खरंच खिडकीबाहेर हात काढून वाऱ्याचा अंदाज घेत आणि त्याला बाजू सांगत. शिपाई बाहेर जाऊन पोटभर हसे आणि मग सांगितलेल्याच बाजूनं घंटा वाजवी.

परीक्षेत त्यांचा सगळा भर 'कारणे लिहा' या प्रश्नावर असे. कारण चुकलं तरी चालेल, पण जागा कोरी सोडायची नाही, असं ते वर्गात पुन्हा पुन्हा बजावत. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो, याचं उत्तर एका मुलानं 'आमच्या तालुक्याचं नशीब' असं लिहिलं होतं. सरांनी त्याला अर्धा गुण दिला. हेडमास्तरांनी यावर हरकत घेतली, तेव्हा सर म्हणाले की पोरानं विचार तर केलाय, आणि शिवाय ते अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही. पावसाबद्दल ते स्वतःही अंदाज सांगत. दर वेळी चुकत आणि मग पाऊस का आला नाही ते समजावून सांगत. आमच्या भागात त्यांना हे दुसरं काम फार करावं लागे.

शाळेच्या मागं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ते राहत. मूलबाळ नव्हतं. बाहेरच्या खोलीत त्यांच्या पत्नी शिवणाचा वर्ग चालवत. सर त्या खोलीला औद्योगिक पट्टा म्हणत आणि वर्ग सुरू असताना त्या पट्ट्यातून न जाता परसदारानं घरात येत. मी त्यांना वहिनी म्हणत असे. वहिनी माहेरच्या काष्टीकडच्या, कमी बोलणाऱ्या. कापडावर खडूनं रेघ ओढताना ओठ मिटून घ्यायच्या ते बराच वेळ तसेच. पण गावातल्या कितीतरी बायका-मुली त्या खोलीत पहिल्यांदा यंत्रावर बसल्या. संध्याकाळी तिथून इतका गलका ऐकू येई की या घरातली बाई अबोल आहे हे सांगून खरं वाटलं नसतं. मीही सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसत असे, कारण गावात माझं म्हणावं असं ते एकच ठिकाण होतं.

बहात्तर साली विधानसभेची निवडणूक आली आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष उभे राहिले. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये येऊन प्रचाराच्या वर्गणीचा विषय काढला, आणि आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं पैसे दिले. सरांनीही दिले. आम्ही का दिले हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. मागणाराच पगार देणारा होता, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कोड्यात टाकणारे लोक वेगळे असतात. माझे वडील नगरला एका पेढीवर कारकून होते. दर निवडणुकीत ते एका ठरावीक उमेदवाराला रुपया-दोन रुपये देत आणि तो दर वेळी पडे. आई चिडून विचारी, आपल्याकडे वर आलेत का पैसे? वडील म्हणत, असू दे. या 'असू दे'चा अर्थ काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला लावता आला नाही.

अध्यक्षांच्या विरोधात एक वकील अपक्ष उभे होते. सायकलवरून कोर्टात जाणारे, बोलताना चष्मा पुसणारे, सरळ गृहस्थ. निवडून येतील असं त्यांच्या घरीही कुणाला वाटत नसावं. पायी फिरून ते मतं आणि मदत मागत होते, आणि दुकानदार, कारकून, मास्तर असे काही लोक त्यांना गुपचूप थोडंफार देतही होते. देताना जवळजवळ प्रत्येक जण आवर्जून सांगे, तेवढं नाव नको.

नाव नको, हे वकिलांच्या कार्यकर्त्यांना काही केल्या कळलं नाही. आमच्याकडे जत्रेला, सप्ताहाला, लग्नातल्या आहेराला ज्यानं जे दिलं ते लाउडस्पीकरवरून पुकारायची पद्धत. देणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं नाही तर त्याचा मान राखला नाही, असं मानतात. तेव्हा निदान ज्यांनी नाव सांगितलंय त्यांचा तरी मान राखू या, असं त्या भल्या माणसांनी ठरवलं आणि ऐन बाजाराच्या दिवशी वेशीजवळच्या सभेत वर्गणीदारांची नावं पुकारायला घेतली.

मी, सर आणि शिपाई तेव्हा बाजारात वांगी निवडत होतो. फार नावं नव्हतीच. दोन-तीन झाली आणि मग सरांचं नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "हायस्कुलाचं भूगोलाचं सर, पाच रुपये. सरांचं लई आभार हायेत." सगळा बाजार आमच्याकडे बघायला लागला. सरांनी मागं वळून पाहिलं, जणू त्याच नावाचा दुसरा कुणी मागं उभा असावा. मग हातातल्या वांग्याकडे पाहत राहिले. शिपायाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"सर, तुमी दिलं?" त्यानं हळूच विचारलं.

सरांना उत्तर द्यायला वेळ लागला. इतका, की वांगीवालीनंही तराजू खाली ठेवला.

"दिले," ते म्हणाले.

"का वो, पन?"

"सुटे होते."

पाच रुपयांची नोट सुटी कशी असेल, हे मला कळेना. मला वाटलं, भर बाजारात नाव आल्यानं माणूस गडबडला.

पुढच्या काही दिवसांत गावातल्या प्रत्येकानं त्यांना तेच विचारलं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. गणिताच्या सरांना ते म्हणाले, वकिलांचं अक्षर फार सुंदर आहे, मी त्यांचा एक अर्ज वाचलाय. वाण्याला म्हणाले, उन्हात पायी फिरणाऱ्या माणसाला काहीतरी द्यावंच लागतं. हेडमास्तरांना म्हणाले, कुस्ती लावायची तर पैलवान दोन लागतात, दुसऱ्याच्या खुराकाची कुणीतरी सोय केली पाहिजे. हेडमास्तर हे ऐकून कपाळाला हात लावून बसले. ते वाईट नव्हते, भित्रे होते. अध्यक्ष निवडून येणार हे उघड होतं, आणि आल्यावर ही गोष्ट ते विसरणार नाहीत हेही उघड होतं.

संस्थेची एक शाखा तालुक्याच्या पार टोकाला, एका आडगावात होती. तिथं एस.टी. जात नसे, फाट्यावर उतरून पायी जावं लागे. संस्था ज्याच्यावर नाराज होई त्याची बदली तिकडे होई. हेडमास्तरांनी सरांना वाचवायचा एक मार्ग काढला. 'माझ्या नावानं परस्पर कुणीतरी वर्गणी दिली, माझा तिच्याशी संबंध नाही,' अशा अर्थाच्या चार ओळी त्यांनी स्वतःच लिहून आणल्या आणि फक्त सही करा म्हणाले. सरांनी त्या शांतपणे वाचल्या, कागद टेबलाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यावर ठेवला आणि तासाला निघून गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. वकिलांशी त्यांची मैत्री नव्हती, राजकारणात त्यांना गम्य नव्हतं, वर्तमानपत्रही ते फक्त हवामानासाठी वाचत. बदली झाली असती तर ते तिकडे जाऊन खुशाल नकाशे काढत बसले असते. पण वहिनींचा वर्ग मोडला असता, आणि त्या आडगावात शिवण शिकायला कोण येणार होतं? मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. आणि पाच रुपये का दिलेत, हेही जरा दरडावूनच विचारलं. ते म्हणाले, "बाई, डोंगर असला की पाणी दोन्ही अंगांना गेलं पाहिजे. सगळंच एका अंगाला गेलं, तर दुसरीकडच्या माणसांनी राहायचं कसं?" ऐकायला बरं वाटलं. घरी जाऊन विचार केला तर त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं.

अध्यक्ष निवडून आले. वकिलांची अनामत गेली. शाळेत सत्कार ठरला आणि स्टाफमधली सगळ्यांत नवी बाई म्हणून ओवाळण्याचं काम माझ्याकडे आलं. ओवाळून झालं, हारतुरे झाले, आणि अध्यक्ष हेडमास्तरांच्या खोलीत चहाला बसले. मी तबक घेऊन तिथंच उभी होते. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. जिंकलेला माणूस होता, मन मोठं झालं होतं.

"सर, तुमी आमच्या घरचं मानूस," ते म्हणाले. "कुनीतरी तुमचं नाव घुसाडलं आसंल. एवढं म्हना, मी न्हाई दिलं. इशय मिटला."

हेडमास्तर खुर्चीत पुढं सरकले. एक शब्द, सर, एवढाच मी मनात जप करत होते. सर म्हणाले, "मीच दिले."

"आन् का दिलं, वो?"

आता एक कारण येणार, म्हणून मी तबक घट्ट धरलं. अक्षराचं असो, पैलवानाचं असो, पाण्याचं असो, काहीही चाललं असतं. अध्यक्ष हसले असते आणि निभावलं असतं. पण सरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." अध्यक्षांनी बशीतला पेढा उचलला, तोंडात टाकला आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. नशीब लिहिणाऱ्या पोरालाही अर्धा गुण देणाऱ्या या माणसानं स्वतःवर वेळ आली तेव्हा जागा कोरी का सोडली, हे मला समजेना.

जूनमध्ये बदलीचं पत्र आलं. बैलगाडीत सामान भरलं. शिवणयंत्र वहिनींनी दुसऱ्या कुणाला उचलू दिलं नाही, स्वतः धरून चढवलं. वर्गातल्या मुली रडत होत्या, वहिनी रडल्या नाहीत. सर मात्र गाडीवानाला कोणत्या दिशेनं तोंड करून गाडी वळवावी ते सांगत होते, आणि गाडीवान बैलांशी बोलत होता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी नगरला जायच्या आधी त्यांना भेटायला गेले. फाट्यावरून चालत गेले तेव्हा वाटेत सगळीकडे दुष्काळी कामं चालू होती, बायका खडी फोडत बसल्या होत्या. गावात शिरताच पोरांनी सरांचं घर दाखवलं, आणि "वडाच्या वायव्येला हाय," असं बिनचूक सांगितलं. घर म्हणजे एकच खोली होती. कोपऱ्यात यंत्र झाकून ठेवलं होतं. नवं शिवायला कुणाकडे पैसे नव्हते. कामावरच्या बायका फाटलेलं घेऊन येत आणि वहिनी ते सांधून देत. त्याचे पैसे मागायचे कसे, म्हणाल्या.

सर टँकरवर पाण्याला गेले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, सरांनी त्या वकिलाला पैसे का दिले हो? निदान तुम्हाला तरी सांगितलं का?"

वहिनींनी हातातली सुई कापडाला टोचून ठेवली.

"त्यांनी न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "म्या दिलं."

एरवी शब्द मोजून बोलणारी ही बाई मग सलग बोलली. "ते वकील दारात आलं. म्या म्हनलं, सर साळंत गेल्यात. मानसं मग काय म्हनत्यात, आलो हुतो म्हनून सांगा, आन् जात्यात. ह्यो मानूस गेला न्हाई. म्हनला, मग तुमालाच इचारतो. मत द्याल का, आन् काई मदत करता यील का, आसं मला इचारलं. बाई, लगीन होऊन त्या गावात आले, तवापासनं मला कुनी काई मागितलं आसंल तर ब्लाउज मागितला, शुक्रवारपत्तुर. दुसरं काई न्हाई. म्हनलं, इचारतोय तर द्यावं. शिवनाचं पैसं डब्यात हुतं, त्यातलं दिलं."

मी विचारलं, मग नाव सरांचं कसं आलं?

"संगतीच्या मानसानं इचारलं, नाव काय घालू? त्वांडातनं ह्यांचंच निघालं. सवय. ते वळनावर गेल्यावर ध्यानात आलं, माजं बी घालता आलं आसतं की. हाक मारनार हुते. न्हाई मारली."

बाजाराच्या त्या दिवशी सर घरी आले तेव्हा वहिनींनी उत्तर तयार ठेवलं होतं. सर पाणी प्यायले आणि वांगी चांगली मिळाली म्हणाले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे जाऊन सगळं सांगून टाकावं असं वहिनींच्या मनात आलं होतं. पण तोपर्यंत सर सगळ्या गावात 'मी दिले' म्हणून बसले होते. आपण जाऊन खरं सांगितलं तर नवरा खोटा पडेल, म्हणून त्या गेल्या नाहीत. "आन् तुम्ही दोघं? एकमेकांत?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं." एवढ्यात सर हंडा घेऊन दारात आले आणि आम्ही दोघी गप्प झालो.

सर मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. घर गेलं, वर्ग गेला, आणि इतके महिने ही दोन माणसं एका खोलीत त्या एका गोष्टीवर अवाक्षर न बोलता जेवत होती, झोपत होती, पाणी भरत होती. याला शहाणपण म्हणावं की वेडेपणा, मला ठरवता येईना. मला दोघांचाही राग येत होता आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. सर वारा कुठून आहे आणि त्यामुळे आठवडाभरात पाऊस कसा शक्य आहे ते सांगत होते.

फाट्यावर आम्ही बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. लांब एस.टी.चा धुरळा दिसायला लागला, तेव्हा सरांनी हवामान मध्येच सोडलं.

"बाई, तिनं तुम्हाला सांगितलं ना?"

मी हो म्हणाले. तुम्हाला सांगू का, असं विचारलं. त्यांनी घाईघाईनं हात हलवला.

"नको, नको. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल." मग एस.टी. अगदी जवळ आल्यावर म्हणाले, "कारण पटण्यासारखं आहे का, तेवढं सांगा."

"आहे," मी म्हणाले.

माझी पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. "मग बरं झालं," ते म्हणाले, "मी नाकारलं नाही."